शोषण आणि अधिशोषण

चूक माझी होती, म्हणून सुरुवात तिच्यापासूनच करते. आमच्या बडोद्यातील एका मराठी मंडळाने अलीकडे एक चांगला पायंडा पाडला आहे. विज्ञान-तंत्रज्ञानात संशोधन करणाऱ्या इथल्या मराठी मुलामुलींनी वर्षातून एकदा आपले काम मराठीतून सांगायचे आणि त्याचा चार-पाच पानी गोषवारा मंडळाच्या पुस्तिकेत छापायचा. भाषा तपासण्याचे काम माझ्याकडे असते. आमच्याच सोसायटीतली एक मुलगी भौतिकशास्त्रात पीएच.डी. करते आहे. तिच्या गोषवाऱ्यात ‘अधिशोषण’ हा शब्द ४१ वेळा आला होता. सगळी नोकरी साहित्य शिकवण्यात गेलेल्या माझ्यासारखीला अनावश्यक उपसर्ग दिसला की हात शिवशिवतात. ‘शोषण’ असा सुटसुटीत शब्द असताना वर ‘अधि’ कशाला, असे मनाशी म्हणत मी संगणकावर एका फटक्यात ४१ ठिकाणचा ‘अधि’ उडवला आणि ‘मजकूर छपाईस योग्य’ असा शेरा मारून परत पाठवला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती दारात उभी. म्हणाली, “काकू, तुम्ही माझा विषयच काढून टाकलात.”

त्यानंतर तीन संध्याकाळी आम्ही बसलो. शेवटच्या संध्याकाळी तिचे बाबाही होते. त्या बैठकांतून मला जे उमगले ते इथे मांडते आहे. तिच्या प्रबंधाचे निष्कर्ष तिने स्वतः प्रसिद्ध करायचे आहेत, त्यांना मी हात लावत नाही. ती ज्या वाटेने चालली आहे ती वाट तेवढी सांगते.

आधी शब्दाचे पाहू. फडके पाणी पिते तेव्हा पाणी फडक्याच्या आत जाते, धाग्याधाग्यांत शिरते. हे शोषण. पोळपाटावर पीठ भुरभुरवले की ते वरच्या वर बसते, लाकडात शिरत नाही. पोळपाट कितीही जाड असला तरी पिठाचा संबंध त्याच्या वरच्या पृष्ठाशीच. असे पृष्ठावर येऊन चिकटणे म्हणजे अधिशोषण. ‘अधि’ म्हणजे वर, हे मी पहिल्या वर्षाच्या वर्गात उपसर्ग शिकवताना दरवर्षी सांगते, आणि नेमके इथेच विसरले. या मुलीच्या विषयात तर हा भेद जीव की प्राण आहे, कारण ती ज्या पदार्थाचा अभ्यास करते त्याला ‘आत’ नावाची गोष्टच नाही. तो एकाच रेणूच्या जाडीचा पापुद्रा आहे. सगळा पृष्ठच. ज्याला आत नाही त्यात काय शिरणार? जे काही व्हायचे ते वरच.

आता हा पापुद्रा हवा कशाला? त्यासाठी तिच्या बाबांच्या कामाकडे वळावे लागते. ते मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत तीसेक वर्षे ट्रान्सफॉर्मरदुरुस्तीचे काम करत आले आहेत. महाराष्ट्रातल्या वर्तमानपत्रांत या यंत्राला ‘रोहित्र’ म्हणतात, तिथला शेतकरी ‘डीपी’ म्हणतो आणि आमच्याकडचा ‘टीसी’. मी इथे ट्रान्सफॉर्मरच म्हणते. मोठ्या ट्रान्सफॉर्मरच्या टाकीत तांब्याची वेटोळी खनिज तेलात बुडवलेली असतात आणि तारांना कागदाचे वेष्टण असते. तेलाची कामे दोन: उष्णता वाहून नेणे आणि विजेला भलत्या वाटेने जाऊ न देणे. आत कुठे बिघाड सुरू झाला, सांधा तापू लागला, वेष्टणात बारीक ठिणग्या पडू लागल्या, तर बाहेरून काही दिसत नाही. मात्र तेल ‘बोलू’ लागते. तेलाचे रेणू म्हणजे कार्बन आणि हायड्रोजनच्या साखळ्या. त्या तुटतात आणि तुकड्यांचे वायू होऊन तेलातच विरघळून राहतात.

यातली गंमत अशी की कोणता वायू निघाला यावरून आतला ताप किती ते कळते. हलक्या विद्युत-स्रावाने मुख्यतः हायड्रोजन निघतो. साधारण तापले तर मिथेन आणि इथेन, फार तापले तर इथिलीन. ॲसिटिलीन मात्र बहुधा ठिणगीच्या, आर्कच्या भयंकर उष्णतेतच जन्मतो. (जुन्या पिढीला हा वायू ठाऊक आहे. बाजारातल्या गाड्यांवरच्या कार्बाइडच्या दिव्यांत तोच जळत असे.) कागद जळू लागला तर कार्बन मोनॉक्साइड आणि डायऑक्साइड वाढतात. म्हणजे वैद्याने नाडी पाहावी तसे हे आहे. कॅनडातल्या हायड्रो-क्यूबेक या वीजसंस्थेतील मिशेल ड्यूव्हाल यांनी १९७४ साली मिथेन, इथिलीन आणि ॲसिटिलीन यांच्या परस्पर प्रमाणावरून दोष ओळखण्याचा एक त्रिकोण मांडला. जगभरचे अभियंते आजही तो वापरतात.

अडचण वायू पकडण्याची आहे. टाकी आणि वरचे तेलाचे पिंप यांच्यामधल्या नळीत बसवायचा बुकहोल्ट्झ रिले १९२१ साली जर्मनीत निघाला. बुडबुडे साचले की त्यातला तरंगता गोळा खाली येतो आणि घंटा वाजते. पण बुडबुडे साचेपर्यंत बरेच काही बिघडलेले असते. त्याआधीची अवस्था, म्हणजे तेलात विरघळलेला वायू, पाहायची तर काचेच्या सिरिंजमध्ये तेल काढून प्रयोगशाळेत पाठवावे लागते. तिथे दहा लाख भागांत चार-दोन भाग इतके ॲसिटिलीनही मोजता येते. मात्र नमुना काढला जातो सहा महिन्यांनी, वर्षाने. मधल्या काळात काय? सतत मोजत राहणारी यंत्रे आहेत, पण ती महाग आणि मोठ्या ट्रान्सफॉर्मरनाच परवडणारी. गल्लीच्या कोपऱ्यावरच्या खांबावर जो चढवलेला असतो त्याला कोण विचारतो? आमच्या सोसायटीसमोरचा एका मे महिन्यात भर दुपारी फुटला. जळते तेल खाली उडाले. सुदैवाने उन्हामुळे रस्त्यावर चिटपाखरू नव्हते.

दुसरीकडे शहरांतली नवी उपकेंद्रे आहेत. जागा कमी म्हणून तिथली स्विचे सल्फर हेक्साफ्लोराइड या वायूने भरलेल्या धातूच्या बंद नळकांड्यांत ठेवतात. हा वायू वासहीन, विषारी नसलेला आणि विजेला फार चांगला अडवणारा आहे. हवेत सुटला तर मात्र शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या वीस हजार पटींहून अधिक उष्णता धरून ठेवतो. आत ठिणग्या पडल्या की तो मोडतो, आणि ओलाव्याशी व प्राणवायूशी गाठ पडून सल्फर डायऑक्साइड, थायोनिल फ्लोराइड, हायड्रोजन सल्फाइड असे वायू तयार होतात. इथेही तोच प्रश्न: हे चार-दोन रेणू वेळेवर पकडायचे कसे?

इथे आपला पापुद्रा येतो. मँचेस्टरमध्ये आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोव्होसेलॉव्ह यांनी साध्या चिकटपट्टीने ग्रॅफाइटचे थर सोलत सोलत एका अणूच्या जाडीचा थर वेगळा केला, त्याचा शोधनिबंध २००४ साली निघाला. तो थर म्हणजे ग्राफीन, आणि त्यासाठी २०१० चे नोबेल. २००७ मध्ये त्याच गटाने दाखवले की ग्राफीनवर एकेक वायुरेणू येऊन बसल्याचेही मोजता येते. रेणू बसताना पापुद्र्याशी थोडा विद्युतभार देतो किंवा घेतो, आणि त्याने पापुद्र्याचा विद्युतरोध बदलतो. जाड पत्र्यावर हा बदल कोटी कोटी थरांच्या गर्दीत हरवून जाईल. इथे थर एकच, म्हणून प्रत्येक पाहुण्याची नोंद होते.

आमच्या या मुलीचा पापुद्रा ग्राफीनचा नाही, मॉलिब्डेनम डायसल्फाइडचा आहे. नाव दचकवणारे, पण वस्तू तिच्या बाबांच्या नेहमीच्या हाताळणीतली. बेअरिंगला लावायच्या काळ्या ‘मॉली’ ग्रीसमध्ये तीच पूड असते. तिचे थर एकमेकांवरून सहज सरकतात, म्हणून ती वंगणाचे काम करते. एक थर म्हणजे पुरणपोळीच समजा: वर गंधकाचे अणू, खाली गंधकाचे अणू आणि मध्ये मॉलिब्डेनमचे पुरण. जाडी सुमारे ०.६५ नॅनोमीटर. आपल्या केसाच्या जाडीत असे लाखभर थर सहज मावतील.

पण नुसता असा थर आळशी असतो. बहुतेक वायू त्याच्यावर टेकतात न टेकतात आणि निघून जातात. म्हणून त्यावर किंवा त्यातल्या एखाद्या अणूच्या जागी पॅलेडियम, प्लॅटिनम, निकेल, चांदी अशा धातूचा अणू बसवतात. कोणता धातू कोणत्या वायूला किती धरील? दहा धातू, पाच वायू, धातू बसवायच्या तीन जागा आणि रेणू टेकवण्याच्या चार तऱ्हा धरल्या तर ६०० प्रकार झाले. प्रत्येक नमुना तयार करून तपासायचा तर एक जन्म पुरायचा नाही. म्हणून आधी संगणकावर गणित करून पाहायचे आणि त्यातून निवडलेले चार-पाचच प्रयोगशाळेत न्यायचे. हे तिचे काम.

गणित कशाचे? इलेक्ट्रॉनांचे. तिच्या संगणकात पापुद्र्याचा लहानसा चौकोनी तुकडा असतो, १६ मॉलिब्डेनम आणि ३२ गंधक, असे ४८ अणू. ठसेकामात एकच ठसा कापडभर उमटवत जावा तसा तो तुकडा चहूकडे पुनःपुन्हा मांडला आहे असे गृहीत धरतात. या ४८ अणूंचे फक्त बाहेरच्या कवचातले इलेक्ट्रॉन घेतले तरी २८८ होतात. प्रत्येकाला स्थान सांगायला तीन अंक, आणि प्रत्येक इलेक्ट्रॉन बाकी सगळ्यांना ढकलतो आहे. श्रोडिंगरचे समीकरण १९२६ पासून हाताशी आहे, पण इतक्यांसाठी ते सोडवणे जगातल्या कोणत्याही संगणकाच्या आवाक्यात नाही.

यातून वाट काढली वॉल्टर कोन यांनी, १९६४ मध्ये होहेनबर्ग यांच्यासोबत आणि १९६५ मध्ये शॅम यांच्यासोबत. तिला डेन्सिटी फंक्शनल थिअरी म्हणतात. १९९८ चे रसायनशास्त्राचे नोबेल कोन यांना मिळाले ते याचसाठी. मला ती अशी समजली. अनंत चतुर्दशीच्या रात्री मांडवीच्या दरवाजावर चढून खाली पाहिले तर माणूस न् माणूस ओळखू येत नाही. कुठे गर्दी दाट आहे, कुठे विरळ, एवढेच दिसते. कोन यांचे म्हणणे असे की इलेक्ट्रॉनांच्या बाबतीत नुसती ही दाटी ठाऊक असली तरी पुरते, त्या सगळ्या समूहाची किमान ऊर्जा तिच्यावरून ठरते. आणि दाटी सांगायला २८८ जणांचे पत्ते लागत नाहीत, जागेचे तीन अंक पुरतात. (माणसांच्या गर्दीबाबत हे खरे नाही, हा फरक तिने मला बजावून सांगितला.) एक मेख आहे. दाटीवरून ऊर्जा काढण्याचे सूत्र अस्तित्वात आहे हे सिद्ध झाले, पण ते सूत्र पूर्णपणे कोणालाच माहीत नाही. अंदाजी सूत्रे वापरतात आणि हलक्या, दुरून लागणाऱ्या आकर्षणासाठी वेगळी भरपाई जोडतात. सूत्र आहे हे पक्के, पण ते कसे आहे ते ठाऊक नाही! आमच्या साहित्यशास्त्रात असे काही म्हटले असते तर या मंडळींनी आम्हाला हसून सोडले असते.

रेणू किती घट्ट बसला हे काढण्याची रीत मात्र घरगुती आहे. लहान मूल काट्यावर स्थिर बसत नाही, म्हणून आई त्याला कडेवर घेऊन काट्यावर उभी राहते, मग एकटी उभी राहते आणि वजाबाकी करते. तसेच इथे रेणूसकट पापुद्र्याची ऊर्जा काढायची, मग नुसत्या पापुद्र्याची, नुसत्या रेणूची, आणि वजाबाकी. फक्त इथल्या वजाबाकीत मोठे आकडे शेकड्यांत-हजारांत असतात आणि हाती यायचा फरक अर्ध्या-एका इलेक्ट्रॉन-व्होल्टचा. उसाचा ट्रक काट्यावर चढवून त्यावर बसलेल्या चिमणीचे वजन काढावे, इतके जपून हे करावे लागते.

मला वाटले होते, जितके घट्ट तितके चांगले. दुसऱ्या संध्याकाळी तो भ्रम गेला. रेणू सुटायलाही हवा, नाहीतर पापुद्रा एकदाच खबर देईल आणि कायमचा मुका होईल. रेणू पृष्ठावर सेकंदाला सुमारे एक लाख कोटी वेळा थरथरतो, आणि प्रत्येक थरथरीत सुटून जाण्याची त्याला एक संधी असते. पकडीची ऊर्जा आणि तापमान यांवरून तो सरासरी किती वेळ बसेल ते काढता येते. तिने माझ्यासमोर वहीत काढून दाखवले, तापमान २७ अंश सेल्सिअस धरून. पकड ०.३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असेल तर सेकंदाच्या एक कोटीव्या भागात रेणू उडाला, खबरच नाही. ०.८ असेल तर साधारण अर्धा मिनिट, हे उत्तम. १.० असेल तर १७ तासांहून अधिक. आणि १.५ असेल तर जवळजवळ पाच लाख वर्षे! मी म्हणाले, हा तर घरजावईच झाला. ती म्हणाली, त्याचाही उपयोग आहे, नळकांड्यातले नको असलेले वायू वेचून साफ करायला असलाच पदार्थ हवा, फक्त त्याला संवेदक म्हणायचे नाही.

०.८ आणि १.५ यांतले अंतर पाहा. दशांश चिन्हानंतरचा एक आकडा इकडचा तिकडे झाला की काळ सुमारे ४८ पटींनी बदलतो, आणि अंदाजी सूत्राची चूक इतकी असू शकते. म्हणून ती स्वतःच्या आकड्यांबद्दल बोलताना ‘सिद्ध झाले’ असे लिहीत नाही, ‘अपेक्षित आहे’ असे लिहिते. मी त्यातही एके ठिकाणी ‘अपेक्षित’ खोडून ‘निश्चित’ केले होते. ठाम वाक्य बरे वाटते ना!

तिसऱ्या संध्याकाळी तिचे बाबा कामावरून परस्परच आले. त्यांनी वहीतले आकडे पाहिले आणि विचारले, “हे सत्तावीस अंशांवरचं ना? पण वहिनी, चालू ट्रान्सफॉर्मरचं तेल कधी सत्तावीसवर असतं का? लोडवर सत्तर-पंचाहत्तरला जातंच की.” तिने लगेच ७७ अंश धरून १.० ची पकड पुन्हा मोजली. १७ तासांची चार मिनिटे झाली. म्हणजे खोलीच्या तापमानावर जो धातू नापास, तो तापलेल्या टाकीपाशी पास होऊ शकतो. बापलेक एकमेकांकडे पाहून हसले. घरात ती काय शिकते याविषयी त्यांनी कधी विचारले नव्हते, आणि तिनेही कधी सांगितले नव्हते.

मग त्यांनी दुसरा प्रश्न टाकला: “तेलात बुडवून चालेल?” तिचे उत्तर सरळ होते: नाही. गणितातला पापुद्रा निर्वात जागेत आहे, त्यावर एकच स्वच्छ रेणू टेकतो आहे आणि तापमान निरपेक्ष शून्य धरले आहे. खऱ्या तेलात तेलाचेच अगणित रेणू जागा अडवून बसतील. पाण्याची वाफ असेल, चार वायू एकदम असतील. बसवलेले धातूचे अणू कालांतराने एकमेकांकडे सरकून गोळा होतील. म्हणून आधी झिरपपडद्यातून वायू तेलाबाहेर काढावा लागेल आणि मग पापुद्र्यापुढे आणावा लागेल. गणित फक्त एवढेच सांगते की कोणत्या दिशेला खणले तर पाणी लागण्याचा संभव आहे. बाबा म्हणाले, “चालेल. आम्हाला आधी एवढं कळलं तरी पुष्कळ.” त्यांना कशाची आठवण झाली असावी ते मी विचारले नाही. त्यांच्या उजव्या हातावर कोपरापर्यंत भाजल्याची जुनी खूण आहे.

शब्दांची भांडणे अर्थात झालीच. पापुद्र्यात परका अणू घालण्याला इंग्रजीत डोपिंग म्हणतात. तिने ‘भेसळ’ लिहिले होते. मी म्हटले, भेसळ दुधात होते आणि ती गुन्हा आहे. बाबांनी सोनाराचा ‘हीण’ सुचवला, पण त्यालाही कमीपणाचा वास. मला ‘विरजण’ सुचले आणि मी स्वतःवरच खूश झाले: चमचाभर घातले की सगळ्या दुधाचा स्वभाव बदलतो! तिने मान हलवली. विरजण स्वतः वाढत जाते, हा अणू वाढत नाही, जिथे ठेवला तिथेच राहतो. शेवटी ‘डोपिंग’च ठेवले. बडोद्यात बसून मराठी शब्दापुढे हार मानायची याचे मला वाईट वाटले, हे कबूल करते. याच शहरात १८९० साली त्रिभुवनदास गज्जर यांच्या कलाभवनात तंत्रविद्या देशी भाषांतून शिकवली जात होती, आणि १९३१ साली ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा राज्यकारभाराच्या शब्दांचा बहुभाषी कोश निघाला. पण त्या कोशकारांनीही शब्द आधी कामाला लावून पाहिला असता आणि मगच नोंदवला असता.

राहता राहिला माझा ‘अधि’. मला वाटले, जसा उडवला तसा एका फटक्यात परत घालावा. ते जमेना, कारण गोषवाऱ्यात मूळचे ‘शोषण’ही काही ठिकाणी होतेच. तारेवरचा कागद तेल पितो ते शोषणच आहे, त्याला ‘अधि’ लावला तर उलटी चूक. म्हणून आम्ही प्रत्येक वाक्य वाचत गेलो आणि प्रत्येक ठिकाणी विचारत गेलो, इथे वर की आत?

वाद एकाच वाक्यावर झाला. टाकीच्या श्वासनळीला काचेची एक बरणी असते, तीत सिलिका जेलचे निळे दाणे असतात. बाहेरची हवा त्यांतून आत जाते, दाणे तिचा ओलावा घेतात आणि हळूहळू गुलाबी होतात. गुलाबी झाले की बदलायचे. मी म्हणाले, दाणा ओलावा पितो, डोळ्यांना दिसते आहे, हे शोषण. बाबा माझ्या बाजूने. ती म्हणाली, दाणा आतून पोकळ बिळांनी भरलेला आहे, पाणी त्या बिळांच्या भिंतींवर बसते, घनात शिरत नाही. एका ग्रॅम दाण्यांतल्या त्या भिंतींचे क्षेत्रफळ काही शे चौरस मीटर भरते. बाबा बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “म्हणजे तीस वर्षं मी बरणीत भिंतीच भरत होतो.”

तिथेही ‘अधि’ लावला.